रेनेसाँस काळातली छापील निसर्गचित्रं: प्रदर्शन बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कसलं प्रदर्शन असतं? पेंटिंग्ज असतात का?

नाही, पेंटिंग्ज जवळपास नसतातच. कागदावर छापलेली चित्रं असतात, म्हणजे प्रिंट्स, साधारण १५०० ते १६०० या शंभर वर्षांतली, आणि त्यात डोंगर, झाडं, नद्या, गावं, पूल, वाटा असं सगळं. बहुतेक सगळी काळ्या शाईत आणि बरीचशी वहीच्या पानाएवढी किंवा त्याहून लहान. मोठ्या म्युझियम्समध्ये अशी प्रदर्शनं अधूनमधून लागतात, उदाहरणार्थ न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये ऑक्टोबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये एचिंग या तंत्राच्या सुरुवातीच्या काळावर मोठं प्रदर्शन होतं, नंतर ते व्हिएन्नाच्या आल्बर्टिनामध्ये गेलं. आपल्यातले बरेच जण न्यूयॉर्क, लंडन, ॲमस्टरडॅम, व्हिएन्ना या बाजूला राहतात नाहीतर फिरायला जातात, पण म्युझियममध्ये गेले की मोठ्या रंगीत कॅनव्हासच्या दालनांत सगळा वेळ जातो आणि या छोट्या अंधाऱ्या खोल्या राहून जातात. म्हणून हे सगळे प्रश्न एका जागी.

रेनेसाँस म्हणजे इटलीच ना?

या विषयात तरी नाही. छापील निसर्गचित्रांचं खरं घर आल्प्सच्या उत्तरेला, म्हणजे डॅन्यूब नदीकाठची रेगेन्सबर्गसारखी जर्मन आणि ऑस्ट्रियन गावं, शिवाय न्यूरेम्बर्ग, आउग्सबर्ग, आणि मग पुढे बेल्जियमचं अँटवर्प. इटलीचा वाटा आहेच आणि तो खाली येईल, पण मायकेलअँजेलो, लिओनार्दो ही नावं डोक्यात ठेवून गेलात तर सगळं दालन अनोळखी वाटेल, त्यापेक्षा आल्टडॉर्फर, ड्यूरर, हिर्शफोगेल, ब्रुगेल ही चार नावं लक्षात ठेवा, तेवढ्याने काम भागतं.

डोंगर-झाडांची चित्रं काढण्यात एवढं नवीन काय होतं? निसर्ग तर आधीपण काढतच असतील की.

काढत होते, पण मागे. पुढे मेरी, येशू, एखादा संत, नाहीतर एखादी जुनी कथा, आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून थोडा डोंगर, थोडी नदी. चित्र विकत घेणारा पैसे द्यायचा ते संतासाठी, डोंगर फुकटात यायचा. मग हळूहळू डोंगर वाढत गेला. अँटवर्पचा योआकिम पाटिनिर (वारला १५२४ मध्ये) संताला कोपऱ्यात एवढासा करून ठेवायचा आणि बाकी सगळी चौकट डोंगर, समुद्र, आकाश यांनी भरून टाकायचा, न्यूरेम्बर्गच्या चित्रकार ड्यूररने १५२१ मध्ये आपल्या प्रवासाच्या नोंदींत त्याला चांगला निसर्गचित्रकार म्हटलंय. पण संत तरी होता. साधारण १५२० च्या आसपास रेगेन्सबर्गच्या आल्ब्रेख्त आल्टडॉर्फरने तोही काढून टाकला. नुसती झाडं, वाट, लांबवर एक किल्ला, आणि माणूस नाही, कथा नाही, कुठलीही शिकवण नाही. आणि ते छापलं, म्हणजे एकाने भिंतीवर लावायला नाही तर अनेकांनी हातात घेऊन बघायला. नुसती जागासुद्धा मन लावून बघण्याची गोष्ट असू शकते हे इथे पहिल्यांदा कोणीतरी ठामपणे कागदावर मांडलं, आणि मला तरी या सगळ्या दालनातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

वुडकट, एनग्रेव्हिंग, एचिंग, पाटीवर प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं. फरक काय?

हे एकदा कळलं की बाकी सगळं उलगडतं, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

वुडकट म्हणजे लाकडी ठसा. जी रेघ हवी ती ठेवायची आणि तिच्या आजूबाजूचं लाकूड कोरून काढून टाकायचं, मग वर राहिलेल्या भागाला शाई लावून छापायचं, रबरी शिक्क्यासारखं. चित्रकार लाकडावर चित्र काढून द्यायचा आणि कोरणारा कारागीर बहुतेक वेळा वेगळा असायचा.

एनग्रेव्हिंगमध्ये तांब्याचा पत्रा असतो आणि ब्युरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने तो थेट कोरायचा, रेघ म्हणजे खाच. पूर्ण पत्र्याला शाई चोपडायची, वरची पुसून घ्यायची, खाचेत उरलेली शाई ओलसर कागदावर भल्या मोठ्या दाबाने घ्यायची. हे सोनारकामातून आलेलं तंत्र आहे, ड्यूररचे वडील सोनार होते आणि तो आधी तेच शिकला होता. हात बसायला वर्षं लागतात, कारण ब्युरिन ढकलत न्यावा लागतो आणि गोल रेघेसाठी हत्यार नाही तर पत्राच फिरवावा लागतो.

एचिंगमध्ये पत्र्यावर आधी मेण-राळेसारख्या पदार्थाचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढायचं, तेवढ्या रेघेपुरता धातू उघडा पडतो. मग पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा आणि उघडी रेघ ॲसिड खातं. म्हणजे धातू कोरण्याची ताकद हाताला लागतच नाही, ते काम ॲसिड करतं. शाई लावणं, पुसणं, छापणं सगळं एनग्रेव्हिंगसारखंच.

मग निसर्गचित्राचं एचिंगशीच एवढं का जमलं?

कारण झाड काढायला हात मोकळा लागतो! मेणाच्या थरावर सुई कुठल्याही दिशेला सहज फिरते, कागदावर पेन फिरतं तशीच, त्यामुळे चित्रकाराच्या वहीतली पटकन मारलेली, थरथरती, अर्धवट सोडलेली रेघ जशीच्या तशी छापता यायला लागली. एनग्रेव्हिंगची रेघ शिस्तीची, मधे फुगणारी आणि टोकाला निमुळती, माणसाच्या अंगावरच्या सावल्यांना ती फार छान, पण सूचीपर्णी झाडाच्या लोंबणाऱ्या फांद्या, त्यावर लटकलेलं शेवाळ, वाऱ्याने विस्कटलेलं गवत हे ब्युरिनने काढायचं म्हणजे जीव जातो. शिवाय ब्युरिन चालवायला वर्षानुवर्षं शिकावं लागायचं आणि सुई मात्र ज्याला चित्र काढता येतं त्या कोणालाही चालायची, त्यामुळे पेंटर, काचेवर चित्रं काढणारे, नकाशे करणारे असे वेगवेगळे लोक या कामात उतरले, आणि सोनारी वळणाचा हात नसलेले हे लोक आपापल्या सवयी घेऊन आले. प्रदर्शनात एका एनग्रेव्हिंगसमोर आणि मग लगेच एका एचिंगसमोर उभं राहून फक्त झाडं बघा, पाटी न वाचता फरक दिसतो.

ॲसिडची ही कल्पना कोणाला सुचली?

चिलखतं बनवणाऱ्यांकडे ती आधीपासून होती. पोलादी चिलखतावर वेलबुट्टी काढायला ते हेच करायचे, थर द्यायचा, खरवडायचं, ॲसिड लावायचं. आउग्सबर्गच्या डॅनिएल हॉप्फरने हे तंत्र कागदावर छापण्यासाठी वापरलं, साधारण १५०० च्या आसपास, नक्की वर्ष कोणी सांगू शकत नाही कारण त्याने सुरुवातीच्या प्रिंट्सवर तारखा टाकल्या नाहीत. तारीख असलेलं सगळ्यात जुनं एचिंग स्विस चित्रकार उर्स ग्राफचं, १५१३ चं.

काही प्रिंट्सवर काळे ठिपके आणि डाग दिसतात. कागद खराब झालाय का?

बऱ्याचदा कागद ठीक असतो, पत्रा गंजलेला असतो. चिलखतवाल्यांकडून तंत्र आलं म्हणून सुरुवातीचे पत्रे लोखंडाचे, आणि लोखंडाला गंज चढतो, गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांत शाई बसते आणि छापताना तिथे ठिपके उमटतात. हे बघायला मला फार आवडतं, कारण त्यावरून कळतं की ही प्रत पत्रा नवीन असताना काढली की बरीच नंतर. पुढे तांब्यावर एचिंग करता यायला लागलं, लुकास फान लायडनने १५२० मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनचं पोर्ट्रेट तांब्यावर केलं त्यात एचिंग आणि एनग्रेव्हिंग दोन्ही आहेत, आणि त्यानंतर लोखंड हळूहळू मागे पडलं.

ड्यूररचं काही असतं का?

असलं तर बहुतेक तोफेचं असतं. ड्यूररने आयुष्यात फक्त सहा एचिंग्ज केली, १५१५ ते १५१८ या काळात, सगळी लोखंडावर, आणि मग हे तंत्र सोडून दिलं. शेवटचं म्हणजे १५१८ चं ‘तोफेसह निसर्गदृश्य’. डावीकडे टेकाडावर भली मोठी तोफ, उजवीकडे तुर्की वेषातली माणसं, आणि त्यांच्या मागे एक गाव, चर्चचा मनोरा, शेतं, लांबपर्यंत पसरलेली जमीन. लोक तोफ बघतात आणि पुढे जातात. तुम्ही मागचं गाव बघा, तिथे रेघा किती कमी आहेत आणि तरी किती लांबचं दिसतंय ते बघा.

आल्टडॉर्फर एवढा का महत्त्वाचा? नाव कधी ऐकलं नव्हतं.

त्याने मोजून नऊ निसर्गदृश्यांची एचिंग्ज केली, साधारण १५२० च्या आगेमागे, आणि त्या नऊंनी सगळी वाट पाडून दिली. आकाराने लहान, काही तर जेमतेम अकरा बाय सोळा सेंटिमीटर. त्यातलं जोड-स्प्रूसचं चित्र बघा (स्प्रूस म्हणजे एक सूचीपर्णी झाड), समोर दोन उंच झाडं जवळजवळ चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेली, फांद्या खाली झुकलेल्या, आणि त्यांच्या बाजूने नजर लांबच्या डोंगरांकडे जाते. झाडांचा रुबाब असा की एखाद्या राजाचं पोर्ट्रेट असावं. कोपऱ्यात त्याची सही, मोठ्या ए अक्षराच्या पोटात छोटं ए, ड्यूररच्या सहीवरून सरळसरळ उचललेली ढब.

हा माणूस काही जंगलात राहणारा नव्हता, रेगेन्सबर्ग शहराच्या कौन्सिलवर होता, पुढे शहराचा वास्तुतज्ज्ञ झाला, आणि १५२८ मध्ये त्याला नगराध्यक्षपद देऊ केलं तेव्हा एक मोठं पेंटिंग पूर्ण करायचंय म्हणून त्याने ते नाकारलं. ते पेंटिंग म्हणजे म्युनिकमधलं अलेक्झांडरच्या लढाईचं, १५२९ चं, तिथेही हजारो सैनिकांच्या वरचं आकाश आणि डोंगरच जास्त लक्षात राहतात.

त्याच्या निसर्गदृश्यांच्या प्रती फार कमी उरल्यात, त्यामुळे एखाद्या प्रदर्शनात एक जरी लागली असेल तर आधी तिथे जा. माझी आवड विचाराल तर मी ब्रुगेलच्या मोठ्या आल्प्सपेक्षा ही अकरा सेंटिमीटरची झाडं निवडेन.

त्याच्याच शेजारी एका सिनेगॉगचं (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं) चित्र लावलेलं असतं. ते निसर्गचित्र कसं?

ते निसर्गचित्र नाही, पण याच हाताचं आणि याच काळातलं आहे म्हणून लावतात, आणि लावायलाच हवं. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन वारला, रेगेन्सबर्गच्या ज्यूंना असलेलं संरक्षण गेलं आणि पुढच्याच महिन्यात शहराने त्यांना हाकलून दिलं, त्यांचं सिनेगॉग पाडलं. आल्टडॉर्फर त्या कौन्सिलमध्ये होता. पाडण्याआधी त्याने आतला भाग आणि प्रवेशद्वाराचा सज्जा अशी दोन एचिंग्ज केली, आतल्या भागाच्या चित्रावर लॅटिनमध्ये लिहिलंय की देवाच्या न्याय्य निवाड्याने हे जमीनदोस्त झालं. एका खऱ्याखुऱ्या इमारतीची अशी नोंद करणाऱ्या सगळ्यात जुन्या प्रिंट्समध्ये ही दोन येतात. खांब, कमानी, सावल्या इतक्या मायेने काढल्यासारख्या दिसतात आणि ते काढणारा माणूस तीच वास्तू पाडणाऱ्यांपैकी. झाडांची चित्रं बघून मन हलकं झालेलं असतं आणि मग हे समोर येतं, पण घाईने पुढे जाऊ नका, चित्रकार म्हणून तो जेवढा मोठा तेवढाच त्याचा यातला सहभाग खरा आहे.

हिर्शफोगेल आणि लाउटेनझाक कोण?

आल्टडॉर्फरने सुरू केलेलं पुढे नेणारे. ऑगस्टिन हिर्शफोगेल न्यूरेम्बर्गचा, काचेवर चित्रं काढणाऱ्यांच्या घरातला, पुढे व्हिएन्नाला गेला आणि तिथे शहराची मोजणी करून नकाशा केला. १५४५ ते १५४९ या काळात त्याने पस्तीस निसर्गदृश्यं एच केली, रेघ एकदम कमी, बरीच जागा रिकामी, पाणी दाखवायचं तर चार आडव्या रेघा आणि बस्स. हान्स लाउटेनझाक त्याच्या उलट, सगळी चौकट पानांनी आणि पारंब्यासारख्या लोंबत्या फांद्यांनी गच्च भरलेली, शिवाय १५५२ मध्ये त्याने न्यूरेम्बर्ग शहराची मोठी दृश्यंही केली. दोघांची चित्रं शेजारी लावली असतील तर मजा येते.

ब्रुगेलने हे सगळं स्वतः कोरलंय का?

नाही, आणि इथे पाटी नीट वाचा. पीटर ब्रुगेल १५५० नंतरच्या काही वर्षांत इटलीला जाऊन आला, आल्प्स ओलांडला, आणि परत आल्यावर अँटवर्पचा प्रकाशक हिएरोनिमस कॉक याच्यासाठी मोठ्या निसर्गदृश्यांची रेखाटनं करून दिली. ती पत्र्यावर उतरवली योहानेस आणि लुकास फान दुतेकम या भावांनी, बरंचसं एचिंगने आणि मग ब्युरिनने पक्कं करत. साधारण १५५५-५६ मध्ये हा बारा प्रिंट्सचा संच निघाला. त्यात रोमजवळच्या तिवोलीचा धबधबा आहे, बेल्जियन घोडागाडी आहे, विश्रांती घेणारे सैनिक आहेत, इजिप्तला निघालेलं पवित्र कुटुंब आहे, पण ही सगळी माणसं कोपऱ्यात आणि मधे दऱ्या, कडे, नदीची लांबच लांब वळणं. सपाट प्रदेशात जन्म काढलेल्या अँटवर्पच्या लोकांना हे कडे बघून काय वाटलं असेल! पन्नासेक वर्षांनी चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडर याने लिहिलंय की ब्रुगेलने आल्प्समध्ये डोंगर गिळले आणि घरी येऊन ते चित्रांत ओकले.

ब्रुगेलने स्वतःच्या हाताने केलेलं एचिंग एकच, १५६० चं सशाच्या शिकारीचं. त्यात बाणाने नेम धरणारा शिकारी आहे आणि त्याच्या मागे झाडाआड भाला घेतलेला दुसरा माणूस. पण मला त्यातली हवा जास्त आवडते, बारीक ठिपके आणि तुटक रेघांनी लांबचा भाग असा विरघळवलाय की दुतेकम बंधूंच्या पक्क्या रेघेनंतर एकदम मोकळं वाटतं.

‘स्मॉल लँडस्केप्स’ असं लिहिलंय आणि चित्रकाराचं नावच नाही. का?

कारण प्रकाशक कॉकने नाव छापलंच नाही. १५५९ मध्ये चौदा आणि १५६१ मध्ये तीस, असे चव्वेचाळीस प्रिंट्स त्याने काढले, मुखपृष्ठावर लिहिलं की ही अँटवर्पच्या आसपासची घरं, शेतं, रस्ते प्रत्यक्ष बघून काढलेत, पण काढले कोणी ते लिहिलं नाही. चाळीस वर्षांनी, १६०१ मध्ये, नवीन आवृत्तीत कॉर्नेलिस कॉर्ट या एनग्रेव्हिंग करणाऱ्याचं नाव आलं, १६१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या क्लास यान्स व्हिशरने नकला काढल्या त्यावर ब्रुगेलचं. खरं नाव आजही ठरलेलं नाही.

आणि चित्रात काय आहे? काहीच खास नाही, आणि तीच तर गंमत आहे. गवताने शाकारलेली घरं, कुंपण, तळं, गावातला कच्चा रस्ता, एखादं चर्च. कडे नाहीत, किल्ले नाहीत, वरून बघितलेलं अफाट जग नाही, रस्त्यावर उभं राहिल्यावर डोळ्यासमोर जे दिसेल तेवढंच. पुढे सतराव्या शतकात डच चित्रकारांनी आपल्या शेजारपाजारची साधी निसर्गचित्रं काढून जे नाव कमावलं त्याचं बरंचसं मूळ इथे आहे. मधल्या काळात युद्ध झालं, १५८५ मध्ये वेढ्यानंतर अँटवर्प स्पॅनिश बाजूच्या हातात गेलं, आजूबाजूची गावं उजाड झाली, त्यामुळे १६०१ ला ज्यांनी हा संच परत विकत घेतला त्यांच्यासाठी ही नुसती चित्रं नसणार असं मला वाटतं.

ही चित्रं विकत कोण घ्यायचं?

पेंटिंग परवडत नसलेले पण शिकलेले, थोडाफार पैसा असलेले लोक, व्यापारी, विद्वान, शिवाय इतर चित्रकार, कारण त्यांना झाडं-डोंगर काढायचा तयार नमुना मिळायचा. ड्यूररची बायको ॲग्नेस जत्रांच्या बाजारात त्याची प्रिंट्स विकायची. कोलंबसचा मुलगा फर्डिनांड याने तीन हजारांवर प्रिंट्स जमवून त्यांची यादी करून ठेवली होती. लोक ती भिंतीवरही लावायचे आणि वह्यांत चिकटवूनही ठेवायचे, आज ज्या टिकल्या त्या बहुतेक वह्यांत राहिल्या म्हणून.

या धंद्यातली एक बाई कायम पाटीवरून सुटते, फोल्क्सकेन डीरिक्स, कॉकची बायको. १५७० मध्ये कॉक वारल्यावर ‘चार वारे’ नावाचं ते दुकान तिने पुढे तीस वर्षं, १६०० मध्ये मरेपर्यंत चालवलं. ब्रुगेलचे पत्रे तिच्याकडे होते, छपाई तिच्या हुकमाने व्हायची. पाटीवर फक्त कॉकचं नाव दिसलं तरी हिची आठवण ठेवा.

चित्रातल्या जागा खऱ्या आहेत का? आज तिथे जाता येईल?

काही. तिवोलीला आजही जाता येतं, न्यूरेम्बर्ग तर आहेच. पण बरीचशी जुळवलेली असतात, एका ठिकाणचा कडा, दुसरीकडची नदी, मनातला किल्ला. त्या काळात यात फसवणूक कोणी मानत नव्हतं.

इटलीत कोणीच हे केलं नाही का?

केलं की, पण वेगळ्या वाटेने. व्हेनिसला १५०० मध्ये याकोपो दे बार्बारीने पूर्ण शहर वरून दिसतं तसं सहा लाकडी ठशांवर केलं, जोडून रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास, ते मूळ ठसे आजही व्हेनिसच्या कोरेर म्युझियममध्ये आहेत. त्या काळी वरून बघायचं साधनच नव्हतं, सगळं मोजून आणि कल्पनेने जुळवलेलं. व्हेनिसचाच चित्रकार टिशियन याने बारा ठशांवर तांबडा समुद्र ओलांडण्याचा प्रसंग केला, निम्म्याहून जास्त जागा नुसत्या पाण्याला दिली. पाडुआचा दोमेनिको कम्पान्योला तर गोल गोल टेकड्या आणि झुबकेदार झाडांचे वुडकट्स काढत राहिला. बार्बारीचा व्हेनिस कुठे लागलेला दिसला तर त्याला वेगळा अर्धा तास द्या.

सगळं काळं-पांढरंच का? कंटाळा येत नाही का?

एका पत्र्याने एकच शाई छापली जायची म्हणून. काही प्रतींवर नंतर हाताने जलरंग लावलेले असतात, आल्टडॉर्फरच्याही काही अशा आहेत. आणि शतकाच्या शेवटी डच चित्रकार हेंड्रिक गॉल्टझिउसने दोन-तीन लाकडी ठसे एकावर एक छापून छोटी निसर्गदृश्यं केली, त्यातली काही निळ्या कागदावर आहेत, ती बघाच. कंटाळ्याचं म्हणाल तर पाच मिनिटं एकाच प्रिंटसमोर उभे राहा, डोळा सरावतो आणि मग काळ्यातच जवळचं, लांबचं, ऊन, सावली सगळं वेगळं दिसायला लागतं.

हे ओरिजिनल असतं की कॉपी?

ओरिजिनल. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात आणि त्या सगळ्याच मूळ, पेंटिंगचा नियम इथे चालत नाही. पण सगळ्या सारख्या नसतात. पत्रा झिजत जातो, सुरुवातीची प्रत गडद आणि कुरकुरीत, उशिराची फिकट. कधी चित्रकार मधेच पत्र्यात बदल करतो, त्याला ‘स्टेट’ म्हणतात, पाटीवर पहिली स्टेट, दुसरी स्टेट असं दिसेल. आज प्रिंटखाली २५ पैकी ७ असे आकडे पेन्सिलने टाकतात ती पद्धत फार नंतरची, इथे ती शोधू नका. कागदावर पत्र्याच्या कडेचा चौकोनी दबलेला ठसा दिसतो का ते मात्र बघा, जुन्या मालकांनी बऱ्याचदा तो कापून टाकलेला असतो.

एवढा अंधार का असतो? आणि फोटो काढता येतात का?

उजेडाने कागद आणि रंग खराब होतात आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात आणि तीन-चार महिन्यांनी प्रिंट परत पेटीत, मग काही वर्षं बाहेर नाही. म्हणूनच अशी प्रदर्शनं कायमची नसतात. आत गेल्यावर डोळ्यांना जरा वेळ द्या. फोटोचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, फ्लॅश मात्र कुठेच नाही.

भिंग न्यावं का?

न्याच. काही म्युझियम्स दाराशीच ठेवतात. वाचायचा चष्मा असेल तर तो आधी. काचेला नाक लावू नका, पण जेवढं जवळ जाऊ देतात तेवढं जा.

लहान मुलांना नेलं तर चालेल?

सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं असतील तर छान रमतात, फक्त त्यांना काम द्या. ब्रुगेलच्या मोठ्या प्रिंटमध्ये माणसं शोध, गाढव शोध, पूल किती आहेत बघ. मोठ्यांना न दिसलेल्या गोष्टी ती शोधून काढतात. स्ट्रॉलर आणि पाठीवरची सॅक बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

आपल्याकडचा याच्याशी काही संबंध?

ओढूनताणून नको, पण दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत. ज्या १५१५ मध्ये ड्यूररने एचिंग करून बघायला सुरुवात केली त्याच वर्षी त्याने गेंड्याचा तो प्रसिद्ध वुडकट केला. तो गेंडा गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीजांना दिलेला, जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरवला. ड्यूररने तो पाहिलाच नव्हता, दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून काढला. दुसरं म्हणजे ब्रुगेलची मोठी निसर्गदृश्यं अँटवर्पला छापली जात होती त्याच सुमाराला, १५५६ मध्ये, गोव्यात छापखाना आला, हिंदुस्थानातला पहिला. आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं काम मराठी मुलखातही झालंय, १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने अशीच भगवद्गीता छापली गेली. त्यामुळे तांबटाच्या हातोडीचा आवाज ऐकलेल्या माणसाला पत्र्यावरचं हे काम अगदीच परकं वाटू नये.

आत्ता जवळपास असं प्रदर्शन चालू नसेल तर?

हे फारच कमी लोकांना माहीत असतं: लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी प्रिंट्ससाठी वेगळी स्टडी रूम असते आणि आधी अपॉइंटमेंट घेतली तर पेटीतली प्रिंट बाहेर काढून टेबलावर तुमच्यासमोर ठेवतात, मधे काचही नाही. त्यासाठी प्रोफेसर असावं लागत नाही. काय बघायचंय त्याचे नंबर म्युझियमच्या वेबसाइटवरून आधी काढून कळवा, हात स्वच्छ, पेन बंद, पेन्सिल चालते. घरबसल्या बघायचं असेल तर मेट आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या बऱ्याचशा जुन्या प्रिंट्सचे मोठे फोटो फुकट डाउनलोडला ठेवलेत, झूम करून रेघ न् रेघ दिसते. फक्त स्क्रीनवर आकार कळत नाही, म्हणून सेंटिमीटरचं माप वाचा आणि कागदावर तेवढा चौकोन काढून शेजारी ठेवा.

अर्धाच तास आहे. काय बघू?

आल्टडॉर्फरचं एक झाड, ब्रुगेलचा एक आल्प्स आणि स्मॉल लँडस्केप्समधलं एक गाव. प्रत्येकाला दहा मिनिटं, बाकी सगळं सोडून द्या.